धबधबा न दाखवल्याबद्दल, काकी, देव बरें करूं

काकी, नमस्कार.

हे तुम्ही स्वतः वाचणार नाही ते माहीत आहे, मोबाईलवर हिरवं बटण नि लाल बटण एवढंच कळतं असं तुम्हीच म्हणालात. पण तुमच्या सुनेचा नंबर आहे माझ्याकडे, तिला पाठवते, ती दिवेलागणीला वाचून दाखवेल. नाव घालू नको आणि गाव तर मुळीच घालू नको म्हणालात, "मागीर ते रीलवाले येतात नि बाटल्यो उडयतात," म्हणून घालत नाही. सत्तरीत, वाळपईच्या पुढे कुठेतरी, एवढंच.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. आम्ही राहतो पर्वरीला फ्लॅटमध्ये, मूळ घर डिचोलीला, चवथ म्हणजे गणेशचतुर्थी तिथे. यंदा माटोळीचं (गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं बांधतात ती चौकट) सामान घ्यायला साखळीच्या बाजारात गेलो तर माझी आठ वर्षांची लेक तुमच्यासमोर उकिडवी बसली आणि एकेक वस्तू हातात घेऊन हे काय ते काय सुरू. कांगलं, घागऱ्या, कळलावीची फुलं, आंबाडे. मागे पंचवीस माणसं उभी, आणि तुम्ही मात्र निवांतपणे तिला घागऱ्यांची शेंग कानाशी हलवून दाखवत होता, आतल्या बिया वाजतात ते. मग तिने विचारलं हे सगळं कुठल्या दुकानातून आणता. तुम्ही हसलात ते अजून आठवतं. म्हणालात, चवथ झाली की घेऊन ये पोरांना, दुकान दाखवते.

असं बाजारात कुणीही म्हणतं, आपण पण हो हो म्हणतो आणि विसरतो. पण लेक विसरली नाही. महिनाभर डोकं खाल्लं. शेवटी एका रविवारी निघालो, आम्ही दोघं, लेक, पाच वर्षांचा धाकटा, नणंदेचा बारा वर्षांचा मुलगा आणि ऐनवेळी सासूबाई, ज्यांचे गुडघे दुखतात पण ज्यांना घरी एकटं बसायचं नव्हतं. नवऱ्याने आदल्या रात्री यूट्यूब बघून सगळ्यांसाठी रेनकोट, मुलांना नवे गमबूट, सहा लिटर पाणी, चिप्स, फर्स्ट एड असं सगळं भरलेलं. तुम्ही अंगणात उभ्या राहून ते सगळं बघितलंत आणि पहिलं काम केलंत ते म्हणजे गमबूट काढायला लावलेत. त्यांचा तळ गुळगुळीत, शेवाळ आलेल्या जांभ्यावर साबणासारखा घसरतो, शिवाय आत पाणी शिरलं की पाय जड. मुलांचे शाळेचे जुने सॅंडल गाडीत होते ते घातले, आत मोजे, पॅंट मोज्यात खोचलेली. तुमच्या पायात स्वतः प्लॅस्टिकची चप्पल. आणि कमरेला मिठाची पुरचुंडी, जळवांसाठी.

काकी, तुमची चाल. मला खरं तर त्यासाठीच लिहायचं होतं पण दुसरंच सुरू झालं. आम्ही चालायला लागलो की नवरा पुढे, भाचा त्याच्या पुढे, मी मध्ये ओरडत आणि धाकटा मागे रडत, हे आमचं नेहमीचं. तुम्ही पाच मिनिटांत उलटं केलंत. धाकट्याला सगळ्यात पुढे घातलात, हातात काठी दिलीत, आणि म्हणालात तू वाट दाखव, आम्ही मागून येतो. तो थांबला की सगळे थांबायचे. सासूबाईंना वाटलं आपल्यासाठी थांबतात, धाकट्याला वाटलं आपण लीडर, कुणालाच कमीपणा नाही. चढ जेमतेम दीड किलोमीटरचा असेल, दीड तास लागला, आणि एकदा पण "किती राहिलं" ऐकू आलं नाही. आमच्या घरात हे रेकॉर्ड आहे.

आणि मग सडा, डोंगरमाथ्यावरचं जांभ्याचं पठार. मी डिचोलीची, सडा मला नवीन नाही, पण माझ्या डोक्यातला सडा म्हणजे मे महिन्यातला, काळा, तापलेला, कोरडं गवत. पावसाच्या शेवटी बघितलाच नव्हता कधी. दगडाच्या प्रत्येक खळग्यात पाणी, पाण्याच्या कडेने जांभळी गर्दी, ती सीतेची आसवं. भाच्याला मी सांगितलं की हे झाड किडे खातं, मुळाशी बारीक बारीक फुगे असतात आणि पाण्यातले जीव त्यात ओढले जातात, तर त्याला आधी पटेना, मग तुम्ही शेजारचं दवबिंदू दाखवलंत, लालसर केसांवर चिकट थेंब आणि त्यात अडकलेली एक चिलट. त्यानंतर तासभर तो पोटावर पडून होता. ज्या मुलाला गेम सोडून काही दिसत नाही तो. कळलावीची वेल पण कडेच्या झुडपात सापडली, फुलं सरत आलेली, आणि तिथे तुमचा आवाज एकदम बदलला, माटोळीला बांधायची पण तोंडात घालायची नाही, कंद तर विषच. लेकीने हात मागे बांधले ते खाली उतरेपर्यंत सोडले नाहीत.

पाणी कुठे जातं ते पण तुम्हीच दाखवलंत. सड्याचा जांभा जाळीसारखा, पाऊस आत मुरत जातो, खाली चिकणमातीचा थर लागला की पुढे वाट नाही, मग पायथ्याशी झर होऊन बाहेर येतं. त्या झरीवर आम्ही बाटल्या भरल्या आणि नवऱ्याचे सहा लिटर तसेच गाडीत परत आले (वजन त्यानेच वाहिलं, मी काही बोलले नाही). झरीचं पाणी ओहोळाला, ओहोळ नदीला, नदी म्हादईला. धाकट्याने विचारलं म्हादई मग कुठे जाते. म्हटलं खाली गेल्यावर तिलाच मांडवी म्हणतात, रोज आपल्याला पुलावरून दिसते ती. तर म्हणतो, कॅसिनोवाली? हो रे बाबा, कॅसिनोवाली.

आता त्या नदीचं. इथे मला थोडी माफी पण मागायची आहे.

आम्ही खाली नदीवर पोचलो तेव्हा साडेअकरा झाले असतील. ऊन होतं, पाणी पोटरीएवढं, तळाचे गोटे दिसत होते. धबधबा तिथून वीस मिनिटांवर, पण मध्ये दोनदा नदी ओलांडायची. एकदा ओलांडली, मजेत. पलीकडे गेल्यावर तुम्ही एक बारीक काठी पाण्याच्या अगदी काठाला रोवलीत, मला वाटलं मुलांसाठी काहीतरी खेळ असेल. मग बसून सगळ्यांनी चिकू खाल्ले. तुम्ही मात्र चिकू खाता खाता चोर्ल्याच्या बाजूला बघत होता. तिकडे घाटावर काळं झालेलं, आमच्या डोक्यावर निळं आभाळ. पंधरा मिनिटं झाली असतील नसतील, काठीच्या बुडाला चार बोटं पाणी. आणि पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा, वर सुकी पानं, काटक्या.

तुम्ही म्हणालात, फाटीं वचूया, म्हणजे मागे फिरूया.

नवरा म्हणाला काकी, मॅपवर आठशे मीटरच दाखवतंय, मी आणि हा पळत जाऊन फोटो काढून येतो, पाच मिनिटं. भाचा तर उठला पण. आणि मी, खरं सांगते, मी पण मनात चिडले. इतकी तयारी, इतकं चालणं, आणि मेन गोष्टच बघायची नाही? 2023 च्या जुलैत नेत्रावळीला मैनापी धबधब्यावर दोघं बुडाले आणि वन खात्याने अभयारण्यातल्या धबधब्यांवर बंदी घातली तेव्हा पण मी असंच बोललेले, दोघांच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना कशाला म्हणून. तुम्ही वाद घातला नाहीत, भीती घातली नाहीत. धाकट्याला उचलून कमरेवर घेतलंत आणि पाण्यात उतरलात. बस. आमचा मुलगा तुमच्या कडेवर, आता आम्ही काय धबधब्याला जाणार? सगळे गपचूप मागून. या वेळी पाणी माझ्या गुडघ्याच्या वर आणि ओढ अशी की सासूबाईंना नवऱ्याने आणि मी दोन्हीकडून धरलं. एवढ्याशा वेळात.

वर चढून वळणावर आलो तेव्हा आवाज आला. मला आधी ट्रक वाटला. मागे बघितलं तर जिथे बसून चिकू खाल्ले तो दगडच नाही, नुसतं लाल पाणी. आमच्या अंगावर तोवर पावसाचा एक थेंब नव्हता. कुणीच काही बोललं नाही, नवरा पण नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, तुमच्याकडे चहा मिळेल का काकी.

चहा नाही, पेज दिलीत. उकड्या तांदळाची गरम पेज, सुक्या सुंगटांची किसमूर आणि तोराचं लोणचं, आणि माझ्या लेकीने, जी घरी पेज बघून तोंड वाकडं करते, दोन वाट्या संपवल्या. भाच्याच्या घोट्याला जळू सापडली ती तिथेच, मीठ लावलंत, गळून पडली, त्याने आधी फोटो काढू द्या म्हणून हट्ट केला. निघताना सांगितलंत की पुढच्या खेपेला पण असंच पाऊस सरताना या, डिसेंबर ते मे पोरांना रानात आणू नका, गोचडी असते, ती चावून माकडताप होतो, 2015 साली सत्तरीतल्याच पाली गावात तो आला तेव्हापासून तुम्ही पण त्या दिवसांत रानातून आलात की आधी आंघोळ आणि कपडे गरम पाण्यात. हे आम्हाला कुठल्याच ट्रेकवाल्याने सांगितलं नव्हतं.

पैसे द्यायला गेले तर तुम्ही रागावलात, आणि मला कळेना पुढे काय करावं, म्हणून धाकट्याने काठी परत दिली तर तीच घेतलीत. दुसऱ्या मिनिटाला परत त्याच्या हातात दिलीत. ती आता आमच्या फ्लॅटच्या शू रॅकमध्ये आहे, रोज लिफ्टमध्ये पण नेतो.

आणखी एक. किसमुरीचा स्टीलचा डबा तुम्ही सासूबाईंकडे बांधून दिलात तो आमच्याकडेच आहे. मी परत पाठवणार होते पण त्या म्हणतात रिकामा डबा कसा द्यायचा, आणि काय भरून द्यायचं यावर घरात रोज चर्चा चाललीय. त्यांचं म्हणणं नेवऱ्या, माझं म्हणणं नेवऱ्या तुमच्याकडे असणारच. तुमच्या सुनेला विचारून सांगते. दिवाळीच्या आत नक्की आणून देतो, सगळे येऊ, सॅंडल घालून.