छत्र्यांची ऑर्डर देण्याआधी

आई बाबा,

काल फोनवर बाबा म्हणाले की होलसेलवाल्याला गेल्या वर्षीएवढाच माल सांगून टाकतो, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून नीट बोलता आलं नाही, आता सविस्तर लिहितेय.

बाबा, गेल्या वर्षी विकल्या तेवढ्याच छत्र्या लोकांना हव्या होत्या असं नाहीये ना. 2025 ला मान्सून मुंबईत 26 मेलाच पोचला, आपल्याकडे चिपळूणला पण मे मध्येच धो धो सुरू, आणि लेडीज फोल्डिंग छत्र्या शाळा उघडायच्या आधीच संपल्या. त्यानंतर जे विचारून परत गेले ते बिलबुकात कुठेच नाहीत, ते फक्त आईला माहितीयेत. आणि 2023 ला मुंबईत मान्सून यायला 25 जून उजाडला होता! महिन्याचा फरक पडतो, मग एका वर्षाचा आकडा धरून कसं चालेल. मृगाचा तुमचा अंदाज मी मानते, पण ऑर्डर मार्चमध्ये जाते, तेव्हा आभाळात काहीच दिसत नाही.

मी असं बघते. छत्री 220 ला पडते, 320 ला जाते, म्हणजे कमी पडली की 100 बुडाले. उरली तर पुढच्या वर्षी विकता येते, अडकलेल्या पैशाचं व्याज आणि एखाददुसरी गंजलेली काडी धरून फार तर तीस रुपये जातात. म्हणून छत्र्या बिनधास्त जास्त घ्या, चारातल्या तीन वर्षी सीझनमध्ये कमी पडणार नाहीत एवढ्या. मुलांच्या कार्टूनवाल्या रेनकोटचं उलटं आहे, 350 चा 500 ला विकतो पण उरला की पुढच्या वर्षी ते चित्र कोणी विचारत नाही, दीडशेत काढावा लागतो, 200 अंगावर. तिथे हात आखडता घ्या. होलसेलवाल्याला विचारा, अर्धे आत्ता आणि अर्धे जूनमध्ये सांगितल्यावर देईल का, नगामागे दहा रुपये जास्त लावले तरी परवडेल.

आई, सीझनमध्ये गल्ल्याजवळ एक वही ठेव, काय मागितलं आणि नव्हतं, फक्त रेघ मारायची, पुढच्या ऑर्डरला तीच वही सगळ्यात कामाची.

शनिवारी येतेय, तोवर यादी पाठवू नका. आणि माळ्यावरचा जुना माल मीच मोजेन, बाबांनी गुडघा घेऊन शिडी चढायची नाही.

तुमची,
ताई