दहा चिंचोक्यांच्या काकूंना

प्रिय काकू,

‘सा. न. वि. वि.’ लिहिलं आणि खोडलं. तुम्ही म्हणाला असतात, "मायना राहू दे, आधी टोपी घाल."

तुमचे आभार मानायचा प्रयत्न मी तीनदा केला होता. पहिल्यांदा पोहण्याच्या तलावावर, शॉवरपाशी. तेव्हा तुम्ही "कसले आभार, ते गॉगल धू नीट" म्हणून पुढे गेलात. दुसऱ्यांदा पुरणपोळ्या केल्या, तर त्या तुम्ही डबा न उघडताच अख्ख्या बॅचला वाटून टाकल्या. तिसऱ्यांदा, तुम्ही लेकीकडे नाशिकला निघालात त्या दिवशी, माझाच घसा ऐन वेळी बसला. म्हणून आता हे सगळ्यांसमक्ष. नात वाचून दाखवेल, तिला मध्येच थांबवू नका.

माझी आधीची कहाणी तुम्हाला अर्धीच ठाऊक आहे. 21 जानेवारी 2024 ला मी मुंबईची हाफ मॅरेथॉन धावले. सी लिंकवर पहाटेचा वारा अंगावर घेत, पेडर रोडच्या चढावर सगळ्या देवांची नावं घेत, 2 तास 24 मिनिटांत. माझी ती चौथी हाफ आणि सगळ्यांत वेगवान. पुढच्या वर्षी सव्वादोनच्या आत यायचं, असं घरी येऊन कॅलेंडरवर लिहूनसुद्धा ठेवलं. आणि दीड महिन्यानं, धावताना नाही, भाजी घेऊन घरी येताना, एका उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून पाय घसरला आणि गुडघा आत वळला. हाफ धावलेली बाई पडली कुठे, तर कोथिंबिरीच्या जुडीसकट फुटपाथवर!

एमआरआयमध्ये आतल्या बाजूची गादी फाटलेली दिसली आणि जोडीला झीज. गुडघ्यात चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. त्यांच्या आतल्या कडेला रक्त जवळजवळ पोचतच नाही, त्यामुळे तिथली चीर सहसा आपोआप भरून येत नाही. हे मी नंतर वाचलं. त्या वेळी डॉक्टर एवढंच म्हणाले, "वय सत्तेचाळीस ना? मग धावणं विसरा आता." लोकलमध्ये छत्री विसरावी इतक्या सहज.

मग सल्ल्यांचा पाऊस. चाल. योगा कर. सासूबाई म्हणाल्या, "बरंच झालं, पहाटे दार वाजायचं बंद होईल." धावणाऱ्यांच्या ग्रुपवर रोज कुणाचे तरी बूट, कुणाचा तरी सूर्योदय. तो ग्रुप मी म्यूट केला आणि दर रात्री उघडून बघत राहिले. दादरच्या पुलाचे जिने चढताना काही वाटायचं नाही, उतरताना मात्र कठडा धरून एकेक पायरी. मागून येणारी गर्दी "चला ना ताई" म्हणायची. शेवटी फिजिओथेरपिस्टनं पोहायला सांगितलं, आणि औषधाची बाटली घ्यायला जावं तशी मी डॉक्टरचा दाखला घेऊन शिवाजी पार्कच्या पालिकेच्या तलावावर आले.

पोहता यायचं म्हणजे काय, लहानपणी आजोळी विहिरीत पाठीला डबा बांधून शिकले होते, तेवढंच. बेडकासारखे पाय मारत, मान वर काढून. दोन आठवडे तसंच केलं आणि गुडघा आतल्या बाजूनं टम्म सुजला. पाण्यातसुद्धा आपलं नशीब फुटकं, असं म्हणत कठड्यावर बसले होते. तेव्हा तुम्ही, पिवळी टोपी, कपाळावर गॉगल, शेजारी येऊन बसलात.

"बेडूक बंद कर. तो पाय बाहेर फेकून आत ओढतो ना, तो सगळा ताण गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येतो. तुझं दुखणं नेमकं तिथंच आहे. फ्रीस्टाइल शीक."

मला वाटलं, आणखी एक सल्ला. मी माझं रडगाणं गायले: किती धावायचे, कसं गेलं सगळं. तुम्ही ऐकलंत. अरेरे म्हणाला नाहीत, की होईल बरं म्हणाला नाहीत. विचारलंत, "मग आता काय मोजतेस?"

मला काही सुचेना. काहीच मोजत नव्हते. चार वर्षं आठवड्याचे किलोमीटर, एका किलोमीटरची मिनिटं, मॅरेथॉनला उरलेले रविवार, सगळं मोजत आले होते. आता पाण्यात उतरायचं, हातपाय मारायचे, शिट्टी वाजली की बाहेर. माझं धावणं गेलं म्हणून मी रडत होते खरी, पण त्याच्याबरोबर माझं गणितही गेलं होतं. ते इतक्या लोकांपैकी फक्त तुम्हाला दिसलं. पीटीच्या बाई होतात ना, आकड्यांशिवाय तुमचंही चालत नसणार.

तुम्ही तिथल्या तिथे तारीख दिलीत. "मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी, शनिवारी. 1 किलोमीटर. मध्ये न थांबता." तेव्हा मला 25 मीटरला धाप लागत होती. 21 किलोमीटर धावणारी बाई अर्ध्या तलावात संपते, यावर माझा विश्वास बसेना. तुम्ही म्हणालात, "दम आहे गं तुझ्यात, पण तू श्वास कोंडून ठेवतेस. तोंड पाण्यात असताना सोडायचा तो, बाहेर फक्त घ्यायचा. वर येऊन दोन्ही करायला जातेस, म्हणून गुदमरतेस." आठवडाभर मी कठड्याला धरून नुसते बुडबुडे काढले. बाजूची सात वर्षांची मुलगी माझ्याकडे बघून हसायची.

आणि ती पायांची गंमत. पहिल्यांदा हातात फळी घेऊन नुसते पाय मारले तर मी पुढे जाईचना. तुम्ही म्हणालात, "नीट बघ, मागे चालली आहेस." खरंच! धावून धावून माझे घोटे इतके ताठ झाले होते, की पाऊल मागे वळतच नव्हतं. ते पाण्यात फावड्यासारखं उभं राहायचं. "घोटा आहे की गंजलेली बिजागरी?" असं म्हणून तुम्ही उपाय सांगितलात. रोज लोकलमध्ये बसायला मिळालं की चप्पल काढायची आणि अंगठ्यानं हवेत बाराखडी गिरवायची. दादर ते चर्चगेट, ‘क’ पासून. लेडीज डब्यात माझ्या समोर बसणाऱ्या बाईनं चौथ्या दिवशी जागा बदलली. ‘ज्ञ’ काढताना पोटरीत गोळा आला आणि मी मरीन लाइन्सला किंचाळले. पण महिन्याभरात फळी पुढे जायला लागली, हे सांगायलाच हवं.

मग चिंचोके. पोहताना माझी मोजदाद चुकायची. सहावी फेरी की सातवी, पाण्याखाली काही कळत नाही. तुम्ही साबणाची निळी डबी आणलीत, त्यात दहा चिंचोके. तलाव 50 मीटरचा, जाऊन येऊन 100. परत आलं की एक चिंचोका डबीतून काढून कठड्यावर ठेवायचा, डबी रिकामी झाली की किलोमीटर. जूनमध्ये एकच चिंचोका बाहेर यायचा. गणपतीपर्यंत तीन. दिवाळीला सहा. ओल्या बोटांना ते काळे, गुळगुळीत दाणे लागले की मला धावण्यातल्या किलोमीटरच्या पाट्या आठवायच्या. फरक एवढाच, की ही पाटी मी स्वतःच्या हातानं मांडायचे.

एक गोष्ट तेव्हा मला आवडली नव्हती, ती कबूल करते. मी पोहण्यावर खूश होते आणि तुम्ही वजनं उचलायला लावलीत. "पाणी तुला उचलून धरतं. छातीपर्यंत उभी राहिलीस तर गुडघ्यावर वजनाचा तिसरा हिस्साही येत नाही. गुडघ्याला ते बरं, हाडांना नाही. या वयात बायकांची हाडं झिजतात, त्यांना भार लागतो." म्हणून आठवड्यातून दोनदा तांदळाच्या पिशव्या उचलायच्या आणि फिजिओनं दिलेले मांडीचे व्यायाम चुकवायचे नाहीत. सासूबाईंना वाटलं, मी महिन्याचं सामान मोजून घेतेय.

18 जानेवारी 2025. तुम्ही कठड्यावर, पाय पाण्यात सोडून. सातव्या चिंचोक्याला गॉगलमध्ये पाणी शिरलं. थांबले असते, पण तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही दुसऱ्याच कुणाशी तरी गप्पा मारत होतात. मुद्दामच, हे मला आता कळतं. एक डोळा मिटून उरलेल्या फेऱ्या केल्या. दहावा चिंचोका ठेवला तेव्हा 34 मिनिटं झाली होती. तुम्ही डबी उचललीत, चिंचोके परत आत भरलेत आणि म्हणालात, "पाय अजून वाकतोय."

दुसऱ्या दिवशी मॅरेथॉन होती. मी पहाटे उठले, टीव्हीसमोर चहा घेऊन बसले. पोटात कालवलं, खोटं कशाला बोलू? पण दंड दुखत होते आणि त्या दुखण्याचा मला अभिमान वाटत होता. ग्रुपवर सगळ्यांना शुभेच्छा पाठवल्या. जवळजवळ मनापासून.

आता तुमची तक्रार तुमच्याकडेच. मालवणला चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात समुद्रात पोहण्याची स्पर्धा असते, हे तुम्हीच सांगितलंत, आणि मग निघून गेलात. माझं नाव मी देणार आहे. समुद्रात कठडा नसतो, मग चिंचोके कुठे ठेवायचे, याचं उत्तर तुमच्याकडे असेलच. फोन करा, किंवा सरळ मालवणलाच या. थर्मास मी आणते.

आणि हो, डबीतला एक चिंचोका परवा हातातून निसटून जाळीत गेला. नऊच उरलेत. दादरच्या बाजारात चिंच घ्यायला गेले तर सगळी बिया काढलेली. सध्या दहाव्या फेरीला ह्यांच्या जुन्या कोटाचं बटण ठेवते, पण ते हलकं आहे, लाटेनं वाहून जातं. नाशिकहून येताना एक चिंचोका घेऊन या. दोन आणा.

तुमची,
घोट्यांची बिजागरी