मालगाडी ‘उगाच’ मागंपुढं करत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा एका वाचकानं पत्रात लिहिलंय की मालगाडी उगाच मागंपुढं करत बसते आणि फाटकात लोकं ताटकळतात. ताटकळायचा वैताग मलाही आहे, पण ते ‘उगाच’ काय पटलं नाही. माझे वडील शंटिंग जमादार होते, म्हणजे डबे जोडायचं-तोडायचं काम करून घेणारे, म्हणून लिहितोय.

समजा बॉक्सएनची (वरून उघड्या मालडब्यांची) 58 डब्यांची गाडी आहे आणि तपासणीत मधलाच एक डबा सिक, म्हणजे नादुरुस्त, निघाला. आता तो काय हातानं उचलून बाजूला ठेवता येतो का? मागच्या डब्यांना हँडब्रेक लावायचे, चाकाखाली लाकडी गुटके द्यायचे, मग सिक डब्यासकट पुढची गाडी तोडून इंजिन पुढं ओढणार, पॉइंट (लायन बदलायचा सांधा) बदलणार, मागं ढकलत तो डबा दुसऱ्या लायनीत सोडणार, परत पुढं, परत पॉइंट, आणि परत मागं येऊन उरलेली गाडी जोडायची. हे सगळं ताशी 15 किमीच्या आत, अन् पेट्रोल-डिझेलचे टँकर असले तर 8 च्या आत. मग वेळ लागणारच की हो.

ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, तो खालच्या माणसाच्या झेंड्यावर चालतो. हिरवा झेंडा हळू वर-खाली केला की लांब जा, आडवा हलवला की जवळ ये, रात्री तेच बत्तीनं. वडील जेवताना पाणी मागायचे तेपण हात आडवा हलवून, आई चिडायची.

त्यांच्या वेळी स्क्रू कपलिंग होतं, म्हणजे डबे हातानं स्क्रू आवळून जोडायचे, आणि त्यासाठी धक्के झेलणाऱ्या दोन बफरच्या मधे वाकून शिरावं लागायचं. आता सीबीसी (डब्याच्या मधोमध असलेलं कपलिंग) आपटलं की आपोआप बसतं, पण ब्रेकच्या हवेचे पाइप जोडायला माणूस अजून आतच जातो.

उत्तर प्रदेशात मुघलसरायला मोठं हंप यार्ड होतं, तिथं इंजिन डबे उंचवट्यावर ढकलायचं आणि पुढं ते उतारानं आपापल्या लायनीत घरंगळत जायचे. आपल्याकडं तसलं काही नाही, आणि आता बहुतेक अख्खी गाडी एकाच मालाची एकाच ठिकाणी जाते, त्यामुळं डबे निवडायचं काम तसं कमीच झालंय. आपल्या सोलापूरजवळच्या होटगीला मीटरगेज (कमी रुंदीची लायन) होतं तेव्हा तर गेज बदलतोय म्हणून माल या डब्यातून त्या डब्यात भरायला लागायचा.

फाटकासाठी उड्डाणपूल मागा, मी पहिली सही करतो.

– एक वाचक, रेल्वे लाइन्स, सोलापूर