हाफकिन दालनासाठी आवाहन : वर्गणी २५ जुलैपर्यंत पोहोचावी

वाचनालयाचे सभासद, वर्गणीदार व हितचिंतक यांस सप्रेम नमस्कार.

परळच्या हाफकिन संस्थेतले संशोधक आणि त्यांच्या अभ्यासाचे विषय सांगणारे कायमचे दालन वाचनालयाच्या माडीवर करायचे, असे कार्यकारिणीत ठरले आहे. संस्थेचा स्थापनादिन १० ऑगस्ट. त्याच दिवशी ते उघडायचे आहे. दिवस थोडे, शिल्लक त्याहून थोडी, म्हणून हे पत्रक.

सुरुवात नेहमीप्रमाणे आपल्याच माणसांनी केली. कंपाउंडर तात्यांनी डोळ्यांचे ऑपरेशन झालेले असताना मजकूर लिहून दिला. प्रेसवाल्या अण्णांनी नमुन्याचा फलक फुकट छापला, वर चहाही पाजला. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी वाचनालयात शिरले, तेव्हा भिजलेल्या पुस्तकांचे पान न् पान सुटे करून गच्चीवर वाळवणाऱ्या काकू आणि नंतर लोखंडी कपाटे देणारे गुजरीतले सराफ बंधू याही वेळी सर्वांच्या आधी आले. त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. पण दर खेपेला त्याच चार घरांची कडी वाजवायची आता आम्हालाच लाज वाटते.

‘मुंबईच्या संस्थेचे कोल्हापुरात काय काम?’ असे सभेत एकाने विचारले. प्लेगात घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहिलेल्यांच्या गोष्टी आपण आजीकडून ऐकल्या आहेत. त्या प्लेगावरची लस वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा आली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले, ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि तो धुऊन निघायला १९०७ उजाडले. पुढे १९२५ मध्ये संस्थेला त्यांचेच नाव दिले गेले. या प्रकरणाला तात्यांनी एक अख्खा फलक दिला आहे. तो आखूड करा म्हटले तर ऐकत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे.

उंदरावरच्या पिसवांतून प्लेग पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नव्हते. पुढे परळच्या याच प्रयोगशाळेतल्या ग्लेन लिस्टन यांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर येणाऱ्या पिसवा तपासल्या. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे पहिले भारतीय संचालक झाले. लसींबरोबर जंतुसंसर्गावरची सल्फा औषधेही इथेच बनावीत, हा त्यांचा आग्रह. आणि सर्पदंशाची लस! घोड्याला विषाची मात्रा थोडी थोडी वाढवत देतात आणि त्याच्या रक्तात तयार होणाऱ्या, विष निकामी करणाऱ्या प्रतिपिंडांपासून ती बनते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच लस चालते. उसाच्या पाचटात घोणस निघाली की आजही माणसाला आधी मांत्रिकाकडे नेतात, मग सीपीआर रुग्णालयात. हा फलक दाराशीच लागणार आहे.

गेल्या वर्षी सूक्ष्मदर्शकासाठी पत्रक वाटले होते. त्याचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. एका पत्रकाच्या पाठीवर भिशीचा हिशेब मांडलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला. राग नाही. पण डॉल्बीच्या वर्गणीला ज्या घरांतून पाचशेची नोट मोडावी लागत नाही, त्याच घरांतली पोरे याच वाचनालयात बसून डॉक्टरकीच्या परीक्षांचा अभ्यास करतात, एवढे लक्षात असू द्यावे.

एका फलकाचा खर्च २,५०० रुपये, असे १२ फलक. शिवाय दिवे, रंगकाम, जिन्याचा कठडा (हलतो आहे, वर जाताना सांभाळून) मिळून १८,०००. पूर्ण फलक देणाऱ्याचे नाव खाली बारीक अक्षरात येईल, मोठ्या अक्षरात मागू नये. शंभर रुपयेही चालतील. धनादेश वाचनालयाच्या नावे, क्यूआर कोड दाराशी, रोख दिल्यास पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. आयकराची ८०-जी सवलत नाही. सुतार, इलेक्ट्रिशियन यांनी एक रविवार दिला तरी वर्गणी पोहोचली असे समजू. वेळ सायं. ६ ते ८, सोमवारी बंद.

आपला,
कार्यवाह
(कार्यकारिणीच्या वतीने)