आधी त्याला फोन कर

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू सांगत होतीस आणि मधेच रेंज गेली. कापसाचा पहिला वेचा सुरू आहे, बाबा वावरात गेलेत. दुपारी घरात मी एकटीच, म्हणून लिहायला बसले.

तू मजकूर लिहितेस, तो वर्ध्याचा मुलगा डिझाइन करतो. पगार दोघांनाही नाही, कामागणिक पैसे. आणि आता कंपनीचा माणूस तुला म्हणतो, "डिझाइनही तूच करून टाक, तो उशीर लावतो." तुला ते येतं, पैसेही हवेत, आणि नाही म्हटलं तर पुढचं काम जाईल ही भीती. मला कळतं गं. माझं आशा सेविकेचं कामही तसंच. दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं, आणि त्या सहाही भेटींचे मिळून 250 रुपये.

तू बारावीला होतीस तेव्हाची एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. अंगणवाडीच्या ताई लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर दिग्रसला गेल्या होत्या. मदतनीस नवीन होती. मला वरून निरोप आला, "या महिन्याची वजनं तुम्हीच घ्या, तुम्हाला येतंच." पोरांची वजनं आणि रजिस्टर हे ताईंचं काम. तरी मी हो म्हटलं. खरं सांगते, मला विचारलं याचं बरंही वाटलं होतं.

काटा आढ्याला टांगलेला. झोळीत पोर बसवायचं, त्याचं हातपाय झाडणं थांबलं की आकडा वाचायचा. नऊ महिन्यांची एक मुलगी होती, काट्यानं 6 किलो 600 ग्रॅम दाखवले. वाढीच्या तक्त्यावर त्या वयाच्या मुलीची रेघ साडेसहा किलोवर. त्याखाली गेली तर कमी वजनात धरायची. मी 6.6 लिहून तिला हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या, पट्ट्यात टाकलं आणि पुढचं पोर घेतलं.

ताई आल्या, रजिस्टर पाहिलं, आणि काही न बोलता रिकामी झोळी काट्याला अडकवली. सुई शून्यावर नव्हती, 200 ग्रॅमवर होती. "हा काटा रिकामाच दोनशे ग्रॅम बोलते. मी दर खेपेले वजा करतो." म्हणजे ती मुलगी 6.4 ची. आधी रिकामा काटा पाहायचा हे मलाही शिकवलेलं होतं, घाईत राहून गेलं. तिला त्याच दिवशी पुन्हा झोळीत बसवलं, नोंद दुरुस्त केली. पण ताईंचं एक वाक्य मनातून जात नाही. "बाई, मले एक फोन काऊन नाही केला?" पुढचे दोन महिने लसीकरणाच्या दिवशी आम्ही एकाच टेबलाशी बसत होतो आणि त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

म्हणून सांगते, त्या साहेबांना "हो" पाठवण्याआधी त्या मुलाला फोन कर. उशीर का होतो ते त्याच्याकडूनच ऐक. त्याला मजकूरच उशिरा मिळत असेल, मागचं बिल अडकलं असेल. काम तुझ्याकडे यायचंच असेल तर अर्धवट काय आहे, मूळ फाइली कुठे आहेत, कुठे अडतं, हे तोच सांगू शकतो. काट्यातले दोनशे ग्रॅम त्यालाच माहीत असतील.

मग साहेबांना लिहून पाठव: कोणतं काम, किती दिवस, दर वेगळा, आणि चूक निघाली तर उत्तर कोण देणार. लिहिलेलं त्या मुलालाही जाऊ दे. मजकुराच्या पैशात डिझाइन घालून देऊ नकोस, पुढच्या महिन्यापासून तोच तुझा दर होऊन बसेल. आणि "त्याला सांगू नकोस" असं ते म्हणाले, तर ते काम घेऊ नकोस. घरभाडं कमी पडलं तर मला सांग. सोयाबीनचे पैसे आलेत, यंदा आपण देऊ शकतो.

शनिवारी एसटीनं डबा पाठवते. ज्वारीचं पीठ आहे, लोणचं आहे, आणि जवसाची चटणी ताईंनी दिली आहे. काल उपकेंद्रातून येताना त्यांनीच हाक मारून पिशवीत घातली, म्हणाल्या, "पोरीले आवडते नं."

तुझी
आई