‘कोणत्या महिन्यात?’ असं विचारणाऱ्या काकूंना

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलं आहे. तुमचं नाव घातलेलं नाही, ते तुम्हाला रुचलं नसतं. पण ज्या घरांत वर्ष संपताना संकल्पांची वही उघडली की बोलणंच बंद होतं, तिथवर तुमचा प्रश्न पोचायला हवा.

आमच्या वहीतल्या संकल्पांच्या पानावर पैसा, खाणं आणि घर असे तीन भाग होते आणि बहुतेक ओळींपुढे एकच शेरा होता: ‘झालं नाही’. आजवर ते पान पाहणाऱ्या प्रत्येकाने विचारलं, ‘का नाही झालं?’ तुम्ही विचारलंत, ‘कोणत्या महिन्यात थांबलं?’ मग वही फिरवलीत, शेऱ्यापुढे एक रिकामा रकाना आखलात आणि पेन्सिल पुढे सरकवलीत. तीही कमावणाऱ्याकडे नाही, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या हाताकडे. हे आभार त्या सरकवलेल्या पेन्सिलीचे आहेत.

‘का?’ म्हटलं की माणूस बचावाला उभा राहतो. ‘कोणत्या महिन्यात?’ म्हटलं की पासबुक शोधायला उठतो. इतका साधा फरक, पण तो कुणाला सुचला नव्हता.

आधीच्यांचा राग अजून गेलेला नाही, तोही लिहिते. एका सल्लागाराने वर्षाच्या बेरजेवर नजर टाकली, ‘शिस्त नाही’ असं निदान केलं आणि पिशवीतून नव्या योजनेचा अर्ज काढला. नात्यातल्या वडीलधाऱ्यांनी ‘जरा हात आखडता घ्या’ म्हणून विषय मिटवला. आणखी कुणी गरजांना ५० टक्के, हौसेला ३० आणि बचतीला २० हे गणित चिकटवून दिलं. जिथे भाडं आणि कर्जाचे हप्तेच निम्म्यापुढे जातात, तिथे ते पहिल्याच महिन्यात मोडतं आणि दोष मात्र घराच्या माथी येतो. बारा महिने सुटे करून कुणीच पाहिले नाहीत. दरमहा थोडंथोडं कमी पडलं, की दोन महिन्यांत सगळं एकदम कोसळलं, हे वर्षाच्या बेरजेत दिसत नाही. दोन्हींचे उपाय तर अगदी वेगळे आहेत.

पैशांचं पान तुमच्या पद्धतीने मांडलं की बचत थांबलेले महिने आपोआप उठून दिसतात. विम्याचा हप्ता, शाळेची फी, घराचा कर, वाहनाची मोठी दुरुस्ती, कुणाचं लग्नकार्य. यांतलं बहुतेक काही ‘अचानक’ नसतं, फक्त दरमहा येत नाही. म्हणून गेल्या बारा महिन्यांचा बँकेचा खातेउतारा घ्यायचा, दरमहा न येणाऱ्या प्रत्येक खर्चाखाली रेघ मारायची, बेरीज करायची, बाराने भागायचं आणि तेवढी रक्कम पगाराच्या दुसऱ्याच दिवशी वेगळ्या खात्यात वळवायची. घरखर्चाच्याच खात्यात ‘मनाने’ बाजूला ठेवलेले पैसे दोन महिनेही टिकत नाहीत, कारण शिल्लक मोठी दिसते आणि हात सैल होतो.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते, आणि ती तुम्ही न बोलता कागदावर दुरुस्त करून दाखवलीत. हप्ता पाच महिन्यांवर आला असताना रक्कम बाराने भागली तर वेळेला हातात पाच-बारांश, म्हणजे जेमतेम ४२ टक्केच जमलेले असतात. पहिल्या वर्षी भागाकार उरलेल्या महिन्यांनी करायचा. त्यामुळे पहिलं वर्ष जड जातं, दुसऱ्यापासून बाराचा भाजक चालतो. बहुतेक जण पहिल्या वर्षाच्या जडपणालाच घाबरून ही पद्धत सोडतात.

अडीअडचणीच्या निधीचंही तसंच. ‘सहा महिन्यांचा पगार’ असं लिहिलेलं ध्येय तुम्ही खोडून ‘तीन महिन्यांचा आवश्यक खर्च’ असं केलंत. पगारात बचतही असते, हौसही असते; नोकरी गेल्यावर या दोन्ही गोष्टी थांबतात. भाडं, हप्ते, किराणा, औषधं, वीज, पाणी, शिक्षण, प्रवास एवढंच मोजलं की आकडा आवाक्यात येतो. तीन महिने भरले की मग सहाकडे जायचं. आणि आजारपणात निधी वापरला गेला असेल तर त्यापुढे ‘मोडला’ असं लिहायचं नाही, ‘कामाला आला’ असं लिहायचं, हे तुमचं म्हणणं. शब्द बदलल्यावर तो पुन्हा भरायला लोक लवकर लागतात.

कर्जाच्या ओळीवर तुम्ही सर्वांत जास्त थांबलात. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिना ३ टक्के व्याज हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण दरमहा व्याजावर व्याज चढत गेलं की वर्षाला ते साडेबेचाळीस टक्क्यांच्या पुढे जातं. तेवढा परतावा खात्रीने देणारी बचत कुठेच नाही. म्हणून एका महिन्याच्या खर्चाची उशी ठेवून उरलेला प्रत्येक पैसा आधी त्या थकबाकीत घालायचा आणि ती संपेपर्यंत बचतीच्या ओळीपुढे शून्य लिहिताना लाजायचं नाही. शून्य लिहायची परवानगी देणारं माणूस किती दिवसांनी भेटलं होतं!

महागाईबद्दल तुम्ही एकच वाक्य बोललात, तेही पुरेसं होतं. ७२ ला महागाईच्या दराने भागा, तेवढ्या वर्षांत खर्च दुप्पट. ६ टक्के महागाईत खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो, तेव्हा गेल्या वर्षीचं किराण्याचं ध्येय जसंच्या तसं उतरवलं तर ते ध्येय राहत नाही, न सांगता केलेली कपात होते. आणि ती कुणाच्या ताटातून होते हेही घराने बघावं.

खाण्याच्या भागात ‘खर्च १० टक्के कमी’ असं लिहिलेलं होतं. तुम्ही विचारलंत, ‘सोमवारी सकाळी या ओळीसाठी नेमकं काय करायचं?’ उत्तर नव्हतं. ज्या ध्येयाला सोमवारचं काम नाही ते नुसती इच्छा असतं, आणि वर्षाअखेरी तपासायला त्यात काही सापडत नाही. त्याऐवजी तुम्ही फ्रिजच्या दारावर चौदा दिवसांसाठी एक कागद लावायला सांगितलात: काय टाकलं, अंदाजे किती, कशामुळे. कारणं थोडीच निघतात. जास्त शिजवलं, मागे सरकून विसरलं, किंवा स्वस्त म्हणून जास्त आणलं.

हे किरकोळ नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांतून गेलं. माणशी वर्षाला ७९ किलो. चौघांच्या घराला हा हिशेब लावला तर तीन क्विंटलच्या वर जातो.

तिसऱ्या कारणाचं, म्हणजे स्वस्त म्हणून आणलेल्या मालाचं गणित तर पाठ करून ठेवावं असं आहे. मोठं पाकीट किलोमागे १५ टक्के स्वस्त पडतं, पण त्यातला पाचवा हिस्सा टाकावा लागला तर ८५ ला ०.८ ने भागायचं. उत्तर १०६ च्या वर. खाल्लेला प्रत्येक किलो लहान पाकिटापेक्षा सहा टक्के महाग पडला. म्हणून मोठं पाकीट फक्त त्याच जिनसांचं, ज्या चौदा दिवसांच्या कागदावर एकदाही आलेल्या नाहीत.

विसरण्यावर उपाय जागेचा असतो, स्मरणशक्तीचा नाही. डोळ्यांच्या उंचीच्या कप्प्यात एक उघडा डबा, त्यावर ‘आधी हे’. शिजवलेल्या प्रत्येक डब्यावर तारखेची पट्टी. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, उथळ भांड्यात, म्हणजे लवकर गार होतं. आणि तीन-चार दिवसांत संपवायचं. भाताबाबत जास्तच काटेकोर राहायचं. त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही तगतात आणि भात बाहेर राहिला तर ते विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्याने जात नाही.

फ्रिजच्या आत ४ ते ५ अंश सेल्सिअस असायला हवं. बटणावरचा आकडा म्हणजे तापमान नव्हे. पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर बुडवून पेला रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवायचा आणि सकाळी वाचायचा. आकडा चढा असेल तर आधी पाहायचं की फ्रिज ठासून भरलाय का, कारण मग गार हवा फिरत नाही. मग दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावायचं. पट्टी सहज निसटली तर रबर सैल. बदलण्याआधी ते कोमट साबणाच्या पाण्याने पुसून पाहायचं, कित्येकदा नुसत्या चिकट मळानेच दार नीट बसत नाही. आणि दूध दारात ठेवायचं नाही, ती फ्रिजमधली सर्वांत उबदार जागा.

घराच्या पानावर ‘दुरुस्त्या करून घेणे’ एवढंच होतं. त्यापुढच्या रकान्यात तुम्ही तीन गोष्टी लिहवून घेतल्यात: कोण, कोणता भाग, कधी. गळक्या नळाचं उदाहरण तुमचंच. सेकंदाला एक थेंब, चार थेंबांचा एक मिलिलीटर धरला तर दिवसाला साडेएकवीस लीटरच्या वर, वर्षाला जवळपास ७,९०० लीटर. काम मात्र अर्ध्या तासाचं. खालची तोटी बंद करायची, नळ उघडून उरलेलं पाणी काढायचं, मोरीच्या भोकात फडकं कोंबायचं म्हणजे स्क्रू आत जात नाही, स्पिंडल, म्हणजे नळाचा फिरणारा दांडा, काढायचा आणि जुना वॉशर दुकानात सोबत न्यायचा, कारण डोळ्यांचा अंदाज इथे हमखास चुकतो. नवा वॉशर बसवण्याआधी आतल्या धातूच्या बैठकीवरून बोट फिरवायचं. ती खरबरीत किंवा खाच पडलेली असेल तर नवा वॉशर काही महिन्यांत कापला जातो, मग लोक वॉशरला नावं ठेवतात. अर्ध्या वळणाहून कमी फिरणाऱ्या, सिरॅमिक चकतीच्या नळात असा वॉशरच नसतो. तिथे आतली कार्ट्रिज, म्हणजे चकत्यांचा अख्खा संच, बदलावी लागते. ‘नळ दुरुस्त करणे’ ही ओळ वर्षभर हलत नाही, पण ‘वॉशर काढून खिशात ठेवणे’ ही त्याच दिवशी होते.

ओल आलेल्या भिंतीला रंग देण्याचं ध्येय तुम्ही सरळ खोडलंत. ओल भिंतीतून येते की खोलीतल्या दमट हवेतून, हे कळल्याशिवाय रंग लावला तर त्याला फुगे येतात आणि पैसे दोनदा जातात. पारदर्शक प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी घट्ट चिकटवून एक-दोन दिवस ठेवायचा. पाणी भिंतीकडच्या बाजूला जमलं तर गळती किंवा मुरलेलं पाणी शोधायचं, खोलीकडच्या बाजूला जमलं तर हवा खेळती करायची. रंगाची ओळ पुढच्या वर्षी.

वेळेचा अंदाज चुकण्यावरून घरात सर्वांत जास्त भांडणं होतात. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी या चुकीला १९७९ साली नाव दिलं, ‘नियोजनाचा भ्रम’. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी ३४ दिवसांत संपेल असं सांगितलं होतं, लागले ५५ च्या वर. हे कळल्यावर दुरुस्तीच्या प्रत्येक कामाला तुम्ही अंदाजाच्या दीडपटीहून जास्त वेळ धरलात आणि वर्षात तीनच मोठी कामं ठेवलीत. बाकीची तारीख घालून खोडली. खोडलेली ओळ मनातून उतरते. तशीच ठेवलेली ओळ वर्षभर टोचत राहते.

काकू, या सगळ्याहून मोलाची गोष्ट ही की आकडे बघताना तुमचा चेहरा बदलला नाही. दुसऱ्याच्या घरचं कर्ज बघूनही ज्याच्या भुवया वर जात नाहीत, जे त्याबद्दल बाहेर बोलत नाही आणि त्या निमित्ताने आपलं काही विकत नाही, असं माणूस घराला लाभणं ही मोठी गोष्ट आहे. अशी माणसं असतात. ती गाजावाजा करत नाहीत म्हणून मोजली जात नाहीत. कुणाच्या शेजारी, कुणाच्या माहेरी, कुणाच्या कचेरीत एखादं तरी असेल. त्यांना बोलवा, वही त्यांच्यापुढे ठेवा.

आता दर तीन महिन्यांनी वीस मिनिटं वही उघडते. खर्च ज्याच्या हातून होतो तो प्रत्येक जण बसतो, मुलंसुद्धा. फक्त थांबलेल्या ओळी पाहायच्या, चालू असलेल्यांना हात लावायचा नाही. पेन्सिल दर वेळी वेगळ्या हातात जाते. रकान्याला तुम्ही मथळा दिला नव्हतात, तो कोराच ठेवला आहे.

पुढची बैठक महिनाअखेरीच्या रविवारी, सकाळी दहाला. वॉशर बदललेला नळही बघायचा आहे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली नम्र,
वहीतल्या घराकडून