कवळीवरचा थर एकट्या बॅक्टेरियाचा नसतो

संपादक महोदय, नमस्कार.

कालच्या आरोग्य पानावरचा बायोफिल्मचा, म्हणजे जंतू एकत्र जमून धरतात त्या चिकट थराचा, लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. अख्ख्या लेखात नुसते बॅक्टेरिया, यीस्टचं, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीचं, नाव एकदाही नाही! वर सल्ला काय, तर कवळीखाली लाली दिसली की डॉक्टरांकडून अँटिबायोटिक घ्या.

माझ्या सासूबाईंचं सांगते. गेल्या पावसाळ्यात त्यांचा टाळू वरच्या कवळीखाली लालभडक झाला, तिखट सोडाच, वरणभातसुद्धा झोंबायचा. घराजवळच्या एका दवाखान्यात अँटिबायोटिक दिलं, आठवड्याने परत तेच दिलं, आणि झालं काय तर ओठांचे कोपरेपण चिरले, बाई नुसत्या पेजेवर आल्या. शेवटी ठाणे स्टेशनजवळच्या एका डॉक्टरबाईंनी कवळी काढून उजेडात धरली, आतला बुळबुळीत थर आम्हाला दाखवला आणि विचारलं, "आजी, रात्रीपण घालूनच झोपता ना?" कॅन्डिडा निघाली. म्हणजे यीस्ट. अँटिबायोटिकने बॅक्टेरिया मेले, यीस्टला हात लागला नाही, उलट तिला जागा मोकळी झाली. मग बुरशीवरचं जेल, कवळी रोज ब्रशने घासायची, रात्री काढून पाण्यात ठेवायची, तेव्हा कुठे टाळू बरा झाला.

त्या थरात दोघं एकत्र राहतात हो. कॅन्डिडा अल्बिकन्स लांब धागे काढते, स्टॅफिलोकोकस ऑरियस हा बॅक्टेरिया त्या धाग्यांना चिकटतो आणि यीस्टने बनवलेलं ग्लुकन (साखरेच्या साखळ्यांचा पदार्थ) त्याच्यावर पांघरुणासारखं बसतं, मग व्हॅन्कोमायसिनसारखं जबर अँटिबायोटिकही त्याच्यावर नीट चालत नाही. लहान मुलांचे दात किडतात तिथे स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स या बॅक्टेरियाबरोबरही बऱ्याचदा हीच सापडते. कधी वैरपण असतं, सुडोमोनास हा बॅक्टेरिया तिच्या धाग्यांवर बसून ते मारतो पण तिच्या गोल पेशींना काही करत नाही, हे २००२ सालीच छापून आलंय. एवढं सगळं माहीत असताना एका बाजूचंच का छापता?

आणि अजून एक, तुमच्या त्या पानावर राखाडी पट्टीवर ती बारीक अक्षरं कोणासाठी असतात? कवळी घालणारे बहुतेक साठीच्या पुढचे. सासूबाईंना भिंग घेऊनही वाचता आलं नाही, मला वाचून दाखवावं लागलं.

कृपया त्याच पानावर दुरुस्ती द्या, आणि रात्री कवळी काढून ठेवा ही एक ओळ तरी मोठ्या अक्षरात छापा.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे